आई-बाबांचा हप्ता कुणी भरायचा?

मार्च संपत आला की खासगी कंपन्यांतल्या अनेक नोकरदारांना एचआरकडून ‘ग्रुप मेडिक्लेम रिन्युअल’चा मेल येतो. वर्षानुवर्षं तो न उघडताच मागे पडायचा, कारण त्यात बदलण्यासारखं काही नसायचं. आता तो उघडावा लागतो. खरा मजकूर जोडलेल्या तक्त्यात असतो: गेल्या वर्षी काय होतं आणि या वर्षी काय राहिलं.

चिंचवडच्या एका घरात अशा तक्त्यावरून भाऊ-बहिणीत जुंपली. भाऊ भोसरीतल्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर, बहीण हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या एचआर विभागात. तिच्याकडे कर्मचाऱ्यांच्या विम्याचंच काम आहे. म्हणजे भावाला आला तसा मेल दरवर्षी ती स्वतः लिहिते. वाद तात्त्विक नव्हता. ज्यांच्या विम्याबद्दल तो चालला होता ते दोघे समोरच बसले होते. बाबा अडुसष्ट वर्षांचे, मधुमेह आहे, हृदयात एक स्टेंट आहे. आई त्रेसष्टची, गुडघ्यांनी बेजार.

बदल असे होते. आतापर्यंत भावाच्या पॉलिसीत तो, बायको, मुलगी आणि आई-वडील असे सगळे पाच लाखांच्या एकाच छत्राखाली होते आणि पूर्ण हप्ता कंपनी भरत होती. आता आई-वडील वेगळे काढले. त्यांच्यासाठी तीन लाखांची निराळी पॉलिसी, हवी असेल त्याने घ्यावी. हप्ता शेहेचाळीस हजार, तो पगारातून कापणार, वर जीएसटी. प्रत्येक क्लेममध्ये वीस टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा स्वतः भरायचा. खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच. आणि निर्णय दहा दिवसांत कळवायचा.

“ही सरळ पगारकपात आहे,” भाऊ म्हणाला. “सहा वर्षांपूर्वी दुसरीकडची ऑफर सोडून इथे आलो, तेव्हा याच एचआरने सांगितलं होतं की आई-वडिलांचा विमा आमच्याकडे. मी तो हिशेबात धरला होता. आता महिन्याला साडेचार हजार जाणार आणि वर निम्मंच संरक्षण मिळणार. पगार चार हजारांनी कमी केला असता तर माझी सही घ्यावी लागली असती. इथे नुसता मेल.”

बहिणीने त्याला तोडलं नाही, पण मानलंही नाही. “दादा, तुला नेमणुकीचं पत्र दिलं त्यात काय लिहिलंय ते बघ. ‘कंपनीच्या धोरणानुसार, वेळोवेळी बदलण्याच्या अधीन’ असंच असणार. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्या कंपनीपुढे कोणता आकडा आला असेल ते मला माहीत आहे, कारण तसाच आमच्याकडे आला होता.”

तिने कागद ओढला आणि उदाहरणादाखल गोल आकडे घेतले. समजा गेल्या वर्षी कंपनीने एक कोटी हप्ता भरला आणि कर्मचाऱ्यांचे क्लेम झाले एक कोटी वीस लाखांचे. विमा कंपनी पुढच्या वर्षाचा भाव काढताना या एक कोटी वीस लाखांवर उपचारांची महागाई चढवते. बारा टक्के धरली तर झाले एक कोटी चौतीस लाख. क्लेम हाताळणाऱ्या टीपीएचा खर्च, ब्रोकरचं कमिशन, कार्यालयीन खर्च यांसाठी हप्त्यातले पंधरा टक्के बाजूला राहायला हवेत. म्हणजे नवा हप्ता एक कोटी अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. एका वर्षात अठ्ठावन्न टक्के वाढ, तीही कुणी काही लबाडी न करता. बारा टक्के हा आकडाही तिने हवेतून काढला नव्हता. एऑन या सल्लागार संस्थेच्या २०२५च्या अहवालात कंपन्यांच्या आरोग्य योजनांचा खर्च भारतात १३ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज होता, जगाची सरासरी १० टक्के.

“हा कागद समोर आला की आमचा फायनान्सवाला विचारतो, यात आई-वडिलांचे क्लेम किती? माणसांत त्यांचा वाटा लहान असतो, पैशांत मोठा. मग सगळ्यांची नजर तिकडेच जाते.”

हे सगळं आत्ताच का घडतंय, असं भावाने विचारलं. बहिणीच्या उत्तराची सुरुवात १९८६ सालापासून झाली. त्या वर्षी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणलं. पुढे कारखानदारांच्या आगीच्या आणि यंत्रसामग्रीच्या विम्यासोबत कामगारांचा गट विमाही त्याच कंपन्यांकडे जाऊ लागला. आगीच्या विम्याचे दर तेव्हा ठरवून दिलेले होते आणि त्यात विमा कंपन्यांना चांगला नफा सुटे. तो व्यवसाय हातचा जाऊ नये म्हणून गट आरोग्य विमा तोट्यात विकला तरी चालत असे. १ जानेवारी २००७ रोजी ठरावीक दरांची ती पद्धत बहुतांशी संपली, आगीच्या विम्याचे हप्ते स्पर्धेत झपाट्याने उतरले आणि आरोग्य विम्याचा तोटा भरून काढणारी गंगाजळी आटली. कंपनी आई-वडिलांचा विमा फुकट देत होती, त्यामागे औदार्य होतं तसा हा स्वस्त भावही होता. बहिणीचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो नोकरदारांना सहसा कुणी सांगत नाही.

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. “आम्हाला सुरुवातीला ईएसआय होतं,” ते म्हणाले. “माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन त्यातच झालं. पैसा लागला नाही.”

ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. त्याचा कायदा १९४८चा, आणि योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्लीत. तिची रचना आजच्या गट विम्याच्या बरोबर उलटी आहे. वर्गणी पगाराच्या टक्केवारीत, सध्या मालकाकडून सव्वातीन टक्के आणि कामगाराकडून पाऊण टक्का. घरात कोण आजारी आहे, वय काय, मागच्या वर्षी किती खर्च झाला, हे कुणी विचारत नाही. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात आणि उपचारांच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. पण पगाराची कमाल मर्यादा आहे. बाबांचा पगार १९९९मध्ये तेव्हाच्या साडेसहा हजारांच्या रेषेपलीकडे गेला आणि ते योजनेतून बाहेर पडले. आज ती रेषा २१,००० रुपयांवर आहे, २०१७च्या जानेवारीपासून तिथेच. निवृत्तीपर्यंत योजनेत राहिलेल्या कामगाराला अटी पूर्ण असतील तर वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी उपचार चालू ठेवता येतात. बाबांना पगारवाढ मिळाली आणि ती सोय गेली.

“ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगा तुम्ही विसरलात बाबा,” बहीण म्हणाली. “तुम्हीच सांगायचात, एका सोनोग्राफीसाठी अर्धा दिवस पगार बुडायचा.”

“रांग होती. पण म्हातारा झालास म्हणून रांगेतून बाहेर हो, असं कुणी म्हणत नव्हतं.”

या उत्तरावर बहिणीकडे काही नव्हतं. बाबांच्या कारखान्यात वैद्यकीय सवलत युनियनच्या करारात होती, तेव्हा ती काढायची झाली तर व्यवस्थापनाला युनियनशी बोलणी करावी लागत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कामगारांची रूढ सवलत काढण्याआधी एकवीस दिवसांची नोटीस देणं बंधनकारक होतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ते तत्त्व कायम आहे. पण हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला. इंजिनिअर, टीम लीडर, मॅनेजर यांतले बहुतेक जण स्वतःला त्या व्याख्येबाहेरच समजतात आणि एकत्र येऊन बोलण्याची त्यांना सवय नाही. एकवीस दिवसांची नोटीस आणि दहा दिवसांचा मेल यांतला फरक तिथून येतो.

मग भाऊ को-पे आणि खोलीभाड्यावर आला. त्याला वाटत होतं की विमा तीन लाखांचा, त्यामुळे दोन लाखांपर्यंतच्या बिलाची चिंता नाही. बहिणीने इथे मात्र त्याचीच बाजू पक्की करून दिली. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात त्या भाड्यात स्वतंत्र खोली मिळणं अवघड. सहा हजारांची घेतली, चार दिवस राहिले, तर भाडं चोवीस हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून समजा ऐंशी हजार. औषधं, स्टेंट, तपासण्या शहाण्णव हजार. बिल झालं दोन लाख. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून विमा कंपनी भाड्याचे निम्मेच देणार, आणि त्याच प्रमाणात त्या ऐंशी हजारांचेही निम्मे. औषधं, बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, हा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे, म्हणून शहाण्णव हजार पूर्ण धरले जातात. बेरीज एक लाख अठ्ठेचाळीस हजार. त्यातून वीस टक्के को-पे वजा. हातात येतात एक लाख अठरा हजार चारशे. खिशातून जातात एक्क्याऐंशी हजार सहाशे, आणि ग्लोव्ह्ज-गाऊनसारख्या न मिळणाऱ्या वस्तू त्याहून निराळ्या.

आई इथे पहिल्यांदा बोलली. “म्हणजे माझे गुडघे राहिले.”

“राहिले नाहीत आई,” बहीण घाईने म्हणाली, “पण खोली आधी विचारून घ्यायची. जनरल वॉर्ड किंवा दोघांची खोली.”

“कंपनीने हे तक्त्यात एका ओळीत लिहिलंय,” भाऊ म्हणाला. “तू जो हिशेब केलास तो मेलमध्ये का नाही? तुझ्या मेलमध्ये असतो?”

नसतो, असं तिने सांगितलं.

तिची मूळ भूमिका तरीही ठाम होती. तिच्या मते आई-वडिलांचं आजारपण मुलाच्या नोकरीला बांधून ठेवणं हीच चूक. नोकरी गेली, बदलली, कंपनी विकली गेली, की विमा गेला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, पगारवाढीवर बंधन आलं म्हणून मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४च्या करकायद्याने त्याला करमाफी पक्की केली आणि मग तो देश त्यातून बाहेर पडू शकला नाही. केएफएफ या संस्थेच्या २०२४च्या पाहणीत तिथल्या नोकरदार कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून जात होते. “न्यू जर्सीचा आपला मावसभाऊ नोकरी बदलायची म्हटली की आधी विम्याचे कागद बघतो. तुला तसं जगायचंय?”

“निदान तिकडे पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ माणसं असतील तर मालकाला विमा देऊ करावाच लागतो, नाहीतर दंड,” भाऊ म्हणाला. “आपल्याकडे एकवीस हजारांच्या वर पगार गेला की कुठला कायदा आहे?” तसा सर्वसाधारण कायदा नाही. १५ एप्रिल २०२०च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात, टाळेबंदीत कामकाज सुरू करणाऱ्या आस्थापनांना कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता, पण तो आपत्तीच्या काळातला आदेश होता.

बहिणीचा सल्ला सोपा होता: कंपनीची ऐच्छिक पॉलिसी घेऊ नको, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आई-बाबांना हलव. गट विम्यातून असं जाता येतं आणि तिथे काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात, म्हणजे बाबांच्या जुन्या आजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागत नाही. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळच २०२४च्या नियमांनी चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आणला आहे. साठीपुढच्यांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते, हा जानेवारी २०२५चा आदेश. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झाला, गट विम्यावर अठरा टक्के राहिला. “तुझ्या शेहेचाळीस हजारांवर आठ हजार दोनशे ऐंशी रुपये नुसता कर. नव्या करपद्धतीत आयकरातली ८०-डची वजावटही नाही. कशासाठी भरतोस?”

सल्ला चांगला होता, पण वेळेवर मिळाला असता तर. विमा कंपनी अडुसष्ट वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या माणसाला हलवून घेताना तपासण्या मागते, जादा हप्ता लावते, कधी नाही म्हणते. बाबा निवृत्त झाले त्या वर्षी वैयक्तिक पॉलिसी घेतली असती तर गोष्ट निराळी होती. तेव्हा घेतली नाही, कारण मुलाच्या नोकरीतून विमा होता. लोकांना वर्षानुवर्षं निर्धास्त ठेवायचं आणि दुसरी पॉलिसी मिळणं कठीण झालेल्या वयात हात काढून घ्यायचा, यात खरा अन्याय आहे. नियमात बसतं म्हणून तो कमी होत नाही.

सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट न घालता. बाबांना त्याला दोन वर्षं आहेत, आईला सात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, पण ती ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि सहभागी रुग्णालयांतच. बाबांचे हृदयरोगतज्ज्ञ जिथे आहेत ते रुग्णालय त्या यादीत नाही.

भाजी निवडत ऐकणारी वहिनी तेव्हा म्हणाली, “एक विचारू? इतकी वर्षं पॉलिसीत ‘पालक किंवा सासू-सासरे, एकच जोडी’ असं होतं. माझे आई-बाबा त्यात कधीच नव्हते. माझ्या शाळेकडून फक्त माझा विमा. त्यांचा हप्ता मी चौदा वर्षं भरते आहे. त्याबद्दल या घरात चर्चा झालेली मला आठवत नाही.”

भाऊ गप्प झाला, बहीणही. अनेक पॉलिसींत हे कलम असतं आणि घराघरांत त्याचा निकाल न बोलता लागतो.

पुन्हा बोलणं सुरू झालं ते ‘हवी असेल त्याने घ्यावी’ या अटीवरून. बहिणीच्या दृष्टीने हा मधला मार्ग होता: ज्याला गरज आहे त्याने घ्यावी, तरुण अविवाहित मुलांवर भार नको. भावाला त्यात काहीतरी खटकत होतं, पण नेमकं मांडता येत नव्हतं. ते मांडायला आकडे लागतात. शंभर कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांचे क्लेम वर्षाला तीस लाख असतील तर प्रत्येकी तीस हजार पुरतात. निवड मोकळी ठेवली की ज्यांचे आई-वडील धडधाकट ते चाळीस जण बाहेर पडतात. उरलेल्या साठांचे क्लेम मात्र सत्तावीस लाख असतात, म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस हजार. तो भाव बघून आणखी पंधरा जण सोडतात. उरतात पंचेचाळीस घरं आणि चोवीस लाखांचे क्लेम, प्रत्येकी त्रेपन्न हजारांच्या वर. दोन-तीन रिन्युअलमध्ये पॉलिसी इतकी महागते की विमा कंपनी किंवा मालक ती बंदच करतो. मग सांगितलं जातं की प्रतिसाद मिळाला नाही.

“आमच्याकडे हेच झालं,” बहीण हळू आवाजात म्हणाली. “पहिल्या वर्षी निम्म्यांनी घेतली. या वर्षी पाचातल्या एकाने.”

“मग दर कमी करा म्हणून रुग्णालयांना कुणी सांगायचं?” बाबांनी विचारलं. त्यांना मे २०२० आठवत होता. तेव्हा राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटांचे कोविडचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. २०१७मध्ये स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीही बांधल्या गेल्या. ठरवलं की करता येतं, हे दोन्हींतून दिसलं. क्लेम वाढतात ते म्हातारी माणसं जास्त आजारी पडतात एवढ्यानेच नाही, प्रत्येक क्लेमचं बिल फुगतं म्हणूनही. कंपनीच्या तक्त्यात त्या बिलाला कुठे जागा नसते. तिथे मालक आणि कामगार आपसांत भार ढकलत राहतात.

संध्याकाळपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही. भावाने विभागातल्या अकरा जणांना धरून एचआरला पत्र लिहायचं ठरवलं. मागण्या तीन: तीन वर्षांचा हप्ता आणि क्लेमचा एकूण हिशेब नावं वगळून दाखवा, मुदत दहाऐवजी तीस दिवस करा, आणि आई-वडिलांची पॉलिसी निवडीवर न सोडता सगळ्यांकडून पगाराच्या प्रमाणात थोडी वर्गणी घ्या, ईएसआयसारखी. पहिल्या दोन मागण्या बहिणीने स्वतः नीट शब्दांत लिहून दिल्या. मुदत संपण्याआधी वैयक्तिक पॉलिसीचा अर्जही जाऊ दे, नकार आला तरी तो लेखी हाती असू दे, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि बाबांचे २०१९चे अँजिओप्लास्टीचे कागद फाइलमधून काढायला लावले.

तिसऱ्या मागणीवर ती अडली. “माझ्याकडे तेवीस वर्षांची मुलं आहेत. त्यांचे आई-बाप पन्नाशीही न गाठलेले, कुणाचे गावाकडे, ज्यांना पुण्यातलं कॅशलेस काही कामाचं नाही. त्यांच्या पगारातून तुझ्या आई-बाबांसाठी कापू?”

“आपल्या आई-बाबांसाठी,” भाऊ म्हणाला. “आणि वीस वर्षांनी त्यांच्याही.”

“वीस वर्षं ती माझ्या कंपनीत राहणार आहेत का?”

यावर दोघांचं जेवायची पानं घेईपर्यंत चाललं. जुलैतल्या आपल्या रिन्युअलला ब्रोकरकडून दोन्ही पद्धतींचे भाव मागवीन, एवढंच बहिणीने मान्य केलं. आणि वहिनीने भावाच्या पत्रात चौथी मागणी लिहायला लावली: कर्मचारी कोणत्याही आई-वडिलांचं नाव देऊ शकेल, एकच जोडी ही अट काढा.